घाटात गाडी का तापते आणि पंख्याचा कंट्रोलर का झोके खातो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अडीच लिटरच्या डिझेल पिकअपचा पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून तुमच्या गटाने दोन इलेक्ट्रिक पंखे बसवले. जागा होईना म्हणून मूळचं श्राउडही, म्हणजे पंख्याला सगळ्या जाळीतून हवा ओढायला लावणारं आवरण, काढलं. इंजिन, रेडिएटर, थर्मोस्टॅट हे सगळं सिम्युलिंक या मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडलं आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ९० अंशांवर धरणारा पीआयडी, म्हणजे तापमानाची चूक पाहून पंख्याचा वेग ठरवणारा नेहमीचा कंट्रोलर, लिहिला. संगणकावर तापमान अर्ध्या अंशाच्या आत राहतं. गाडीवर मात्र ते दर दोन-तीन मिनिटांनी ८४ ते ९८ असं खालीवर होतं, आणि एप्रिलच्या दुपारी माल भरून कसारा घाट चढताना १०६ वर गेलं. आता पीआयडी सोडून एमपीसी (मॉडेलवरून पुढचा अंदाज घेऊन आज्ञा ठरवणारी पद्धत), फझी (ढोबळ नियमांवर चालणारं नियंत्रण) किंवा न्यूरल नेटवर्क घ्यावं का, असं तुम्ही विचारता आहात.

सध्या घेऊ नका. मी आधी इंजिन टेस्ट बेडवर आणि नंतर गाड्यांच्या कूलिंग चाचण्यांवर काम करत आलोय, आणि कंट्रोलर बदलून अशी तक्रार सुटलेली क्वचितच पाहिली आहे. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत. खालीवर होणं हे नियंत्रणाचं दुखणं आहे. १०६ हे बहुतेक हवेचं दुखणं आहे. बहुतेक म्हणतोय, कारण १०६ अंशांना पंखे किती टक्क्यांवर होते हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते पूर्ण वेगाने फिरत असतील, तर जगातला कोणताही अल्गोरिदम त्यांच्याकडून आणखी हवा काढू शकणार नाही. ते ६० टक्क्यांवर असतील, तर दोष कंट्रोलरचा. लॉग उघडून सगळ्यात आधी हा आकडा बघा.

आणखीही काही गोष्टी गाडीनुसार बदलतात. तुमचा थर्मोस्टॅट कूलंट इंजिनातून बाहेर पडतं तिथे आहे की आत शिरतं तिथे, रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर आहे का, सेन्सर हेडवर आहे की नळीत. बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये थर्मोस्टॅट बाहेर पडण्याच्या बाजूला असतो, तसंच धरून पुढे लिहितो. वेगळं असेल तर आकडे बदलतील, विचार करण्याची पद्धत बदलणार नाही.

पहिलं दुखणं घेऊ. तुमच्या गाडीत तापमान सांभाळणारा एक कंट्रोलर आधीपासून बसलेला आहे: थर्मोस्टॅट. पितळी कॅप्सूलमधलं मेण वितळतं, फुगतं, दांडी ढकलतं आणि रेडिएटरकडचा रस्ता उघडतं. या वर्गातल्या इंजिनांत तो साधारण ८२ अंशांना उघडायला लागतो आणि ९५ च्या आसपास पूर्ण उघडतो. उघडण्याचा आकडा बहुधा थर्मोस्टॅटवरच कोरलेला असतो, तुमचा काढून वाचा. म्हणजे ८२ ते ९५ हा सगळा पट्टा थर्मोस्टॅटच्या ताब्यातला आहे, आणि तुम्ही पंख्याला नेमकं त्याच्या मध्यावर, ९० वर, काम दिलंय.

यातून काय होतं ते क्रमाने पाहा. तापमान ९२ होतं, पीआयडी पंखा वाढवतो, रेडिएटरमधलं कूलंट आणखी थंड होतं. ते इंजिनात पोचलं की तापमान उतरतं, त्याबरोबर थर्मोस्टॅट मिटतो आणि रेडिएटरकडे जाणारा प्रवाह घटतो. आता पंख्याने कितीही जोर लावला तरी इंजिनाला त्याचा पत्ता लागत नाही, कारण रेडिएटरमधून जवळजवळ काही वाहतच नाही. रेडिएटरमध्ये मात्र थंड कूलंट साठून बसतं. इंजिन पुन्हा तापतं. मेण वितळायला काही सेकंद लागतात, शिवाय उघडण्याचं आणि मिटण्याचं तापमान एक नसतं, त्यात काही अंशांचा फरक असतो. त्यामुळे थर्मोस्टॅट उशिरा उघडतो, साठलेलं थंड कूलंट एकदम आत येतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. तुमचे दोन-तीन मिनिटांचे झोके मला असेच दिसतात. मॉडेलमध्ये तुम्ही थर्मोस्टॅट बहुधा तापमानावरून उघडीप सांगणारा तक्ता म्हणून टाकला असेल, ज्याला ना उशीर आहे ना उघड-मीट यातला फरक. अशा तक्त्यावर कोणताही पीआयडी छान चालतो.

उपाय सोपा आहे. पंख्याचं लक्ष्य थर्मोस्टॅटच्या पट्ट्याच्या वर न्या, ९७-९८ अंशांवर. कारखान्यातून येणाऱ्या रिले पंख्याच्या गाड्यांत पंखा शंभरीच्या जवळपास सुरू होतो आणि काही अंश खाली आल्यावर बंद होतो, ते याच कारणाने. थोडा भार असताना तापमान थर्मोस्टॅटनेच सांभाळावं. त्याची उघडीप संपली की पंख्याने काम हाती घ्यावं. ९७ अंश ऐकून घाबरू नका. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकोल असं कूलंट उघड्यावरच १०७ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं झाकण ठीक असेल आणि १.१ बारचा दाब धरत असेल, तर उत्कलनबिंदू आणखी वीसेक अंश वर जातो. झाकणाचं रबर गेलं असेल तर मात्र हा सगळा आधार निघून जातो, म्हणून चाचणीआधी झाकण तपासून घ्या. गाडीत नुसतं पाणी असेल तर आधी योग्य कूलंट भरा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांनाच उकळतं.

माझं निदान बरोबर आहे का, हे एका चाचणीत कळेल. थर्मोस्टॅट पूर्ण उघड्या स्थितीत अडकवून तीच फेरी मारा. झोके गेले किंवा त्यांचा कालावधी पार बदलला, तर दोष थर्मोस्टॅट आणि पंखा यांच्या झटापटीचाच. मात्र थर्मोस्टॅट काढून टाकून ही चाचणी करू नका. "गाडी हीट होते ना, थर्मोस्टॅट काढून टाका" हा सल्ला द्वारका सर्कलपासून घोटीपर्यंत कुठल्याही गॅरेजात मिळेल. पण बऱ्याच थर्मोस्टॅटना खाली दुसरी चकती असते. वरचा रस्ता उघडतो तेव्हा ती बायपासचा रस्ता बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो आणि कूलंटचा मोठा वाटा रेडिएटरला न शिवता इंजिनातच फिरत बसतो. मग सकाळी गाडी तापता तापत नाही आणि घाटात जास्त तापते. काढायचा असेल तर बायपासही बंद करावा लागतो.

आता उशिराबद्दल. याला तुमच्या पुस्तकात डेड टाइम म्हटलेलं असेल. नाशिकच्या गंगापूर धरणाच्या दारावर बसलेला माणूस खाली गोदावरीत रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीपाशी पाणी किती चढलं यावरून विसर्ग ठरवू लागला, तर सोडलेलं पाणी तिथे पोचेपर्यंत तो दारं उघडतच राहील, आणि पोचल्यावर घाईने बंद करत सुटेल. तुमचा पीआयडी हेच करतोय. रेडिएटर आणि खालची नळी मिळून तीन लिटर कूलंट धरा. पूर्ण उघड्या थर्मोस्टॅटमधून सेकंदाला १ लिटर वाहत असेल, तर पंख्याचा परिणाम इंजिनाच्या तोंडाशी पोचायला ३ सेकंद लागतात. इंजिन आयडलवर असेल आणि प्रवाह ०.३५ लिटर असेल तर ८-९ सेकंद. थर्मोस्टॅट अर्धवट मिटून रेडिएटरच्या वाट्याला ०.१ लिटर आलं तर ३० सेकंद. म्हणजे हा उशीर एक स्थिर आकडा नाही, तो परिस्थितीनुसार दसपट बदलतो. मॉडेलमध्ये तो आकारमान भागिले प्रवाह असाच बदलता ठेवा. यासाठी सिम्युलिंकमध्ये बदलत्या उशिराचा ब्लॉक आहे. या उशिरात सेन्सरचे काही सेकंद आणि मेणाचे सेकंद मिळवायचे.

दुसरी गोष्ट, उष्णता साठवण्याची क्षमता. विद्यार्थ्यांच्या मॉडेलमध्ये इंजिन म्हणजे फक्त कूलंट असतं, हे मी अनेकदा पाहतो. इंजिनात ५ लिटर मिश्रण असेल, तर एक अंश वाढवायला सुमारे १८ किलोज्यूल लागतात. पण त्याच्याभोवती दोनशे किलोच्या घरात लोखंड आहे. बिडाची विशिष्ट उष्णता ०.४६ धरली तर ते ९२ किलोज्यूल होतात. एकूण ११० पैकी कूलंटचा वाटा जेमतेम सहावा. धातू वगळला तर तुमचं मॉडेल खऱ्या गाडीपेक्षा सहापट चपळ होतं, आणि त्या चपळ गाडीवर बेतलेले गेन, म्हणजे चुकीला किती जोराने उत्तर द्यायचं ते आकडे, खऱ्या गाडीवर कसे चालणार? किमान तीन साठे ठेवा: धातू, इंजिनातलं कूलंट, रेडिएटरमधलं कूलंट. प्रत्येकाचं समीकरण एकच: साठणारी उष्णता म्हणजे येणारी वजा जाणारी. त्यात थर्मोस्टॅटची उघडीप हा चौथा आणि सेन्सर हा पाचवा घटक, दोघांनाही आपापला विलंब. इतकं मॉडेल कंट्रोलर बेतायला पुरतं. हेडमध्ये स्थानिक उत्कलन होतं, तेलात उष्णता जाते, हे सगळं खरं आहे, पण पंख्याच्या नियंत्रणासाठी त्यात शिरायची गरज नाही.

हा ११० चा आकडा पुस्तकातून घेऊ नका, गाडीवरून काढा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करून ठरावीक भारावर चालवा आणि थर्मोस्टॅट उघडण्याआधीचा तापमानाचा चढ नोंदवा. जानेवारीत निफाडकडे पारा चांगलाच उतरतो, तेव्हा हा चढ लांब मिळतो आणि हिशेब स्वच्छ येतो. कूलंटमध्ये किती उष्णता जाते हे इंधनावरून धरा, नुसत्या आरपीएमवरून नाही. डिझेलच्या उष्णतेचा मोठ्या भारावर पाव ते तीस टक्के वाटा कूलंटमध्ये जातो, हलक्या भारावर टक्केवारी वाढते.

आता घाट. तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हा आहे आणि मॉडेलमध्ये तो सगळ्यात दुबळा असतो.

तीन टनांची भरलेली पिकअप घ्या. नाशिकजवळ गोंदे गावाच्या पुढे सपाट महामार्गावर ती ८० च्या वेगाने चालली आहे. चाकांच्या रोधाला सुमारे ८ किलोवॅट, हवेच्या रोधाला ११, एकूण १९ च्या आसपास. आता तीच गाडी सरासरी ५ टक्के चढावर ३६ च्या वेगाने धरा. चढण्याला १५ किलोवॅट, चाकांना साडेतीन, हवेला १. एकूण पुन्हा १९ च्या आसपास. म्हणजे इंजिन दोन्हीकडे जवळपास तितकंच काम करतंय, कूलंटमध्येही दोन्हीकडे साधारण तितकीच, १९ किलोवॅटच्या घरातली, उष्णता जातेय. पण सपाटीवर समोरून ८० चा वारा आहे आणि घाटात ३६ चा. त्यातही उन्हाळ्याच्या दुपारी आणि पावसाळ्यात वारा कोकणाकडून घाटावर येतो. कसाऱ्याहून चढताना तो तुमच्या पाठीवर असतो. १५ चा वारा पाठीवर असेल तर रेडिएटरला समोरून उरले २१. इंजिन जास्त काम करतं म्हणून गाडी घाटात तापते असं सगळे म्हणतात. या उदाहरणात ते जास्त काम करत नाहीये. तिला हवा कमी मिळतेय.

हवेच्या बाजूचा हिशेब करून पाहू. रेडिएटरचं तोंड पाव चौरस मीटर, त्यातून हवेचा वेग सेकंदाला २ मीटर. गाडीच्या वेगाच्या जेमतेम दहा ते पंचवीस टक्केच वेग जाळीतून मिळतो, हे लक्षात असू द्या. ४० अंशांच्या उन्हात आणि घाटाच्या उंचीवर हवेची घनता १.०७ धरा. सेकंदाला अर्ध्या किलोहून थोडी जास्त हवा झाली, म्हणजे प्रत्येक अंशामागे ती ०.५४ किलोवॅट वाहून नेऊ शकते. रेडिएटरची परिणामकारकता (जास्तीत जास्त शक्य उष्णतेपैकी प्रत्यक्षात बाहेर जाणारा वाटा) ०.६ धरली, तर १९ किलोवॅट बाहेर टाकायला आत येणाऱ्या कूलंटच्या आणि आत येणाऱ्या हवेच्या तापमानात ५९ अंशांचा फरक लागतो. ४० अधिक ५९ म्हणजे ९९. तुमचा आकडा १०६ आहे. वरचे सात अंश कुठून आले?

माझा संशय काढलेल्या श्राउडवर आहे. श्राउड नसलं की पंखा फक्त स्वतःच्या पात्यांसमोरच्या जाळीतून हवा ओढतो. बारा इंची दोन पंख्यांचं क्षेत्र ०.१५ चौरस मीटरच्या आत आहे, म्हणजे पाव मीटरच्या जाळीपैकी चाळीस टक्के भाग जवळजवळ फुकट. याहून वाईट म्हणजे रेडिएटर आणि बॉडीमधल्या फटींतून बोनेटखालची गरम हवा पुढे येते आणि पुन्हा रेडिएटरमध्ये शिरते. रेडिएटरला ४० ची नाही, ४७ ची हवा मिळते. कमी वेगात आणि पाठीवर वारा असताना हे हमखास होतं. तुमचे सात अंश इथे सापडतील असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका, मोजा. रेडिएटरच्या पुढे जाळीजवळ चार कोपऱ्यांत चार थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) लावा. ते बाहेरच्या सावलीतल्या तापमानापेक्षा जास्त दाखवत असतील, तर फटी फोमच्या पट्ट्यांनी बंद करा, नवं श्राउड बनवा, त्यात वेगात उघडणाऱ्या रबरी झडपा ठेवा म्हणजे सपाटीवरचा वारा अडणार नाही. सातपूर-अंबडला पत्र्याचं असं काम करून देणारे भरपूर आहेत. कंट्रोलरवर खर्च होणाऱ्या महिन्यांपेक्षा या पत्र्याने जास्त अंश कमी होतील.

पंप मोठा केला तर? फारसा उपयोग नाही. कूलंटच्या बाजूला उष्णता-वहन आधीच हवेच्या बाजूपेक्षा कितीतरी पट चांगलं असतं, म्हणून तर फिन्स हवेच्या बाजूला लावतात. अडचण हवेकडे आहे.

मॉडेलमधल्या रेडिएटरची क्षमता कायमची तीच राहते, गाडीची राहत नाही. लासलगाव-पिंपळगावच्या बाजार समितीत फिरणाऱ्या पिकअपच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये कांद्याची टरफलं अडकतात, बाहेरून दिसतही नाहीत. बोअरचं पाणी टाकत राहिलं तर नळ्यांत आतून थर बसतो. द्राक्षबागेत ब्लोअर चालवणाऱ्या ट्रॅक्टरच्या जाळीवर फवारणीचं औषध आणि धूळ मिळून लेप होतो. म्हणून परिणामकारकता तक्त्यातून घेऊन गोठवू नका, तिला एक गुणक लावा आणि तो दर काही दिवसांनी स्थिर भारावरच्या नोंदीवरून पुन्हा काढा. चाचणीआधी जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या पाण्याच्या धारेने धुवा. जोराच्या प्रेशरने फिन्स आडव्या होतात.

इथवरचं एकत्र करतो: पंख्याचं लक्ष्य थर्मोस्टॅटच्या वर न्यायचं, मॉडेलमध्ये बदलता उशीर आणि लोखंड घालायचं, हवेचं खरं तापमान मोजायचं आणि फटी बुजवायच्या. हे झाल्यावर कंट्रोलरकडे या.

कंट्रोलरमध्ये मुख्य काम फीडफॉरवर्डने करा, म्हणजे तापमान बदलायची वाट न पाहता कारणावरूनच पंखा आधी हलवा. घाट लागला की इंधन लगेच वाढतं, तापमान मात्र मिनिटांनी वाढतं. पंख्याची क्षमता गरजेपेक्षा ३ किलोवॅटने कमी पडली, तर ११० किलोज्यूलच्या साठ्यावर तापमान मिनिटाला दीड अंशाच्या आसपास चढतं. पहिल्या दोन मिनिटांत काही विशेष घडतंय असं दिसतसुद्धा नाही. याच कारणाने सिन्नरकडचा मोहदरी घाट तुमच्या चाचणीला पुरणार नाही, तो लहान आहे, लोखंड तापण्याआधीच संपतो. कसारा घ्या किंवा नांदुरीहून सप्तशृंगगडाची चढण घ्या. इंधन आणि गाडीचा वेग या दोन आकड्यांवरून लागणारी हवा काढा, त्यातून समोरच्या वाऱ्याने मिळणारी वजा करा, उरलेली पंख्याकडून मागा. मॉडेलचा खरा उपयोग इथे होतो. याने काम ऐंशी टक्के बरोबर झालं तरी उरलेलं पीआय (डी नसलेला पीआयडी) निवांत दुरुस्त करतो.

पीआय बेतण्यासाठी स्टेप चाचणी करा. स्थिर भारावर पंखा ४० वरून ६० टक्क्यांवर न्या आणि वाट बघा. समजा तापमान ५ अंश उतरलं, उशीर २५ सेकंद आणि टाइम कॉन्स्टंट (बदलाचा साधारण दोन-तृतीयांश भाग पुरा व्हायला लागणारा वेळ) १२० सेकंद आला. गाडीचा गेन झाला टक्क्यामागे ०.२५ अंश. बंद चक्राचा टाइम कॉन्स्टंट उशिराच्या तिप्पट, ७५ सेकंद ठेवू. मग पीआयचा गेन १२० भागिले (०.२५ गुणिले १००), यातले १०० म्हणजे ७५ अधिक उशिराचे २५; तो येतो अंशामागे ४.८ टक्के, आणि इंटिग्रलचा काळ १२० सेकंद. झिगलर आणि निकोल्स यांचे १९४२ चे नियम तुम्ही शिकला असाल, पण ते मुद्दाम आक्रमक आहेत. आयडल, मध्यम आणि घाट अशा तीन ठिकाणी ही चाचणी करून आरपीएमनुसार गेन बदला. फझीने तुम्हाला जे मिळालं असतं त्यातलं बरंचसं एवढ्यात मिळतं.

डी, म्हणजे पीआयडीतला बदलाचा वेग बघणारा भाग, काढून टाका. तुम्ही तापमान ओबीडीवरून, म्हणजे गाडीच्या निदानाच्या सॉकेटवरून, वाचता आहात. तिथे ते एका बाइटमध्ये येतं, त्यातून ४० वजा करायचे, म्हणजे पायरी पूर्ण एका अंशाची. डेरिव्हेटिव्हचा काळ १० सेकंद आणि नमुना दर सेकंदाला घेतला, तर एका अंशाच्या उडीवर डी एकटा पंख्याला ४८ टक्क्यांचा धक्का देतो. तुमचे पंखे मध्येच गुरगुरत असतील तर कारण हेच असावं. शक्य असेल तर रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या नळीवर स्वतःचे सेन्सर लावा. ओबीडीवरचं इनटेक एअर टेम्परेचर बाहेरच्या हवेचं म्हणून मॉडेलला देऊ नका, तो सेन्सर इंजिनाच्या हवेच्या मार्गात बसतो.

इंटिग्रलला, म्हणजे चुकीची बेरीज साठवत जाणाऱ्या भागाला, लगाम हवाच. सकाळी गाडी तापेपर्यंत तापमान लक्ष्याखाली असतं, पंखा शून्यावर अडलेला असतो आणि इंटिग्रल ऋण बाजूला साठत जातो. मग खरी गरज आली की तो साठा फिटेपर्यंत पंखा उठतच नाही. घाटात पंखे पूर्ण वेगावर नव्हते असं लॉगमध्ये दिसलं, तर हे पहिलं तपासा. पंखा शून्यावर किंवा शंभरावर असताना इंटिग्रल थांबवा.

पंख्याच्या विजेचाही विचार ठेवा. पंख्याची शक्ती वेगाच्या घनात वाढते, ७० टक्के वेगाला पूर्ण शक्तीच्या एक तृतीयांशच लागते. म्हणून एक पंखा पूर्ण आणि दुसरा बंद असं करू नका, दोन्ही एकाच वेगाने फिरवा. बंद पंख्यातून हवा उलटी येते हा तोटाही टळतो.

एमपीसीला माझा विरोध नाही. उद्या तुम्ही इलेक्ट्रिक पंप आणि विजेवर चालणारा झडप-थर्मोस्टॅट बसवलात, तर एका तापमानासाठी तीन हत्यारं हाती येतील आणि प्रत्येकाचा विजेचा खर्च वेगळा असेल. पुढे घाट आहे हे नकाशावरून आधी कळत असेल तर आणखी फायदा. तेव्हा एमपीसीला खरं काम मिळतं. आजच्या गाडीत एकच पंखा-आज्ञा आणि एकच तापमान आहे. आणि एमपीसीलाही हेच मॉडेल लागणार, लोखंड आणि उशीर वगळलेलं मॉडेल त्यालाही फसवेलच. न्यूरल नेटवर्कला शिकवायला तर तुमच्याकडे उन्हाळा, पावसाळा, भरलेली, रिकामी अशा सगळ्या नोंदी हव्यात.

शेवटी सुरक्षेचं, आणि हे मी कुठल्याही चाचणीआधी बघतो. तुमचा एनटीसी सेन्सर गरम झाला की त्याचा रोध कमी होतो. वायर तुटली तर रोध अनंत, आणि कंट्रोलरला वाटतं इंजिन उणे ४० अंशांवर आहे. तो पंखा बंद करतो. घाटात हे झालं तर हेड गॅस्केट गेलंच समजा. म्हणून अशक्य वाटणारं तापमान आलं, सिग्नल थांबला किंवा मायक्रोकंट्रोलर अडकला, तर पंखे आपोआप पूर्ण वेगावर जातील अशी जोडणी करा, आणि ती सॉफ्टवेअरवर सोपवू नका, ड्रायव्हर सर्किटमध्येच ठेवा. गाडी बंद केल्यावर लोखंडातली उष्णता कूलंटमध्ये येते आणि तापमान काही अंश चढतं, तेव्हा पंखे थोडा वेळ चालू राहू द्या. तापलेल्या गाडीचं झाकण कोणी उघडणार नाही हे गटातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा, दाबाखालचं कूलंट अंगावर आलं तर जबर भाजतं. घाटात १०८ दिसले की थांबायचं, इंजिन आयडलवर ठेवायचं, माल उतरवून परत यायचं.

नवं श्राउड बसलं की आधी गॅरेजातच इंजिन चालू ठेवून सेन्सरचा कनेक्टर काढून बघा. दोन्ही पंखे पूर्ण वेगाने सुरू झाले तरच गाडी इगतपुरीकडे न्या, आणि पंख्याची टक्केवारी, चार थर्मोकपल आणि इंधन यांचा लॉग इथे टाका, पुढचं त्यावरून सांगतो.